उंबरा बगलेत घेऊन फिरणाऱ्या बाई

बाईंच्या बगलेत उंबरा असायचा. खराखुरा, लाकडी, कडुलिंबाचा. दोन हात लांब, चार बोटं उंच, आणि फरशीवरून सरकू नये म्हणून खाली रबराचे तुकडे ठोकलेले. डॉक्टरांच्या गळ्यात स्टेथोस्कोप, तसा बाईंच्या बगलेत उंबरा. नवा माणूस विचारायचाच, "सिस्टर, हे काय?" बाई त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळायच्या आणि म्हणायच्या, "तुमच्या घरात न्हाई व्हय? मग आत कुठनं जाता, खिडकीतनं?"

सांगलीत एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात दुसऱ्या मजल्यावर आमचा वॉर्ड. बारा खाटा, सहा बायकांच्या, सहा पुरुषांच्या, मध्ये बसायची मोठी खोली. आमच्याकडे येणारी माणसं सगळी म्हातारी. त्यांचा आजार बरा झालेला असायचा, पण माणूस उठलेला नसायचा. न्यूमोनिया गेलेला असतो, हाड जुळलेलं असतं. खालच्या मजल्यावरचे डॉक्टर म्हणतात, आमचं काम झालं. घरचे म्हणतात, ह्यांना न्यायचं कसं, ह्यांना तर कूससुद्धा बदलता येत नाही. या दोघांच्या मध्ये अडकलेली माणसं आमच्याकडे वर यायची. कागदावर त्या वॉर्डाला लांबलचक इंग्रजी नाव होतं. लिफ्टवाला त्याला उंबऱ्याचा वॉर्ड म्हणायचा आणि लोकांना तेच कळायचं.

बाई त्या वॉर्डाच्या इन्चार्ज. मूळच्या रहिमतपूरच्या, बाप मिलिटरीत. उंच, हाडापेरानं मोठ्या, आवाज असा की खालच्या मजल्यावरचे पेशंटही उठून बसतील. खुर्ची त्यांना होती, पण बसलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत. ती खुर्ची पेशंटना उठबस शिकवायला ठेवलेली. जेवायच्या त्या उभ्यानंच, खिडकीत डबा ठेवून. फरशीवर दहा पावलं टाकली की नातेवाईक टाळ्या वाजवायचे, तेव्हा बाई त्या चालणाऱ्यापुढं उंबरा आणून ठेवायच्या. "सपाट फरशीवर कोणबी चालंल. ह्याच्यावरनं पाय गेला की मग माणूस घरी गेला म्हणा."

आता बाई निवृत्त झाल्या आणि उंबरा माझ्या बगलेत आला. म्हणून हे लिहायला बसले.

मी बी.एस्सी. नर्सिंग. आटपाडीच्या पुढं आमचं गाव, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मी, आणि हे मी सांगायचं सोडत नाही. माझ्या बिल्ल्यावर नावापुढं पदवी आहे. ऑफिसनं छापली नव्हती, मी परत करून छापून घेतली. पहिल्या दिवशी बाईंनी तो बिल्ला हातात धरून मोठ्यानं वाचला.

"बी.एस्सी. झ्याक झालं. जा, तीन नंबरच्या मास्तरांची माहिती घे."

मी गेले. पद्धतशीर विचारलं, कुठं दुखतं, कधीपासून, झोप लागते का. परत आले तर बाई म्हणाल्या, "हे सगळं फायलीत हाय की. फायलीत न्हाई ते इचार."

"म्हणजे काय विचारू?"

"घरी गेल्यावर पयलं काम काय करणार, हे इचार."

बाई प्रत्येकाला हाच प्रश्न विचारायच्या. मास्तर म्हणाले, कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये जाऊन पेपर वाचणार. घरी पेपर येत नाही का, तर येतो, पण घरी वाचायला बसलं की बायको कामं सांगते. बाईंनी मास्तरांच्या मुलाला फोन लावला. "दारापासनं सलूनपर्यंत किती पावलं हायती, मोजून सांगा." त्याला वाटलं बाई चेष्टा करतात. बाईंनी त्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन केला. एकशे दहा पावलं निघाली. तेवढीच पावलं मोजून वॉर्डाच्या व्हरांड्याच्या टोकाला बाईंनी एक स्टूल मांडलं, त्यावर पेपर. मास्तरांच्या खाटेवर पेपर न्यायला सगळ्यांना बंदी. पहिल्या दिवशी मास्तर वीस पावलांवर दमले आणि बाईंना म्हणाले, "निदान हेडलाइन तरी सांगा."

"लय वाईट झालंय बघा काहीतरी," बाई म्हणाल्या, "पर मी न्हाई सांगनार."

तेराव्या दिवशी मास्तर स्टुलापर्यंत पोचले. पेपरात काहीच विशेष नव्हतं. बाईंना त्यांनी तोंडावर खोटारडी म्हटलं. बाई दिवसभर खूश होत्या.

सकाळी दहाच्या आत प्रत्येकानं अंगावर घरचे कपडे चढवायचे, हा दुसरा नियम. हॉस्पिटलचा तो पाठीमागं उघडा झगा बाईंना अजिबात खपायचा नाही. "ह्यो घालून माणूस बरा कसा व्हईल? पळून जायची तर सोय पायजे का नको?" धोतर, लुगडं, पायजमा, ज्याचं जे असेल ते. बटणं ज्याची त्यानं लावायची. एका शर्टाला अर्धा तास लागला तरी चालेल. आणि जेवताना नातेवाइकांनी हाताची घडी घालून बसायचं. शाळेतल्यासारखी. चांगले पन्नाशीचे बागायतदार, दाराशी ट्रॅक्टर असलेले, बापाच्या खाटेशेजारी हाताची घडी घालून बसलेले मी पाहिलेत.

पलूसकडची एक आजी आलेली. ऊसवाल्यांच्या घरातली, गळ्यात ठसठशीत बोरमाळ. तीन सुना, तिघीही गुणाच्या. एक भरवायची, एक पाय चेपायची, एक वेणी घालायची. "आत्यानी आता काडी हलवायची न्हाई," थोरली मला अभिमानानं म्हणाली. बाईंनी ते ऐकलं.

"मांडून ठेवायला ती काय गणपती हाय? मग इसर्जन बी कराल."

थोरली रडत ऑफिसात गेली. बाई खाली कँटीनमध्ये गेल्या आणि मेथीच्या पंधरा जुड्या उचलून वर आणल्या. बसायच्या खोलीत चादर अंथरून त्यावर ओतल्या. आजीच्या हातात पहिली जुडी दिली. पानाबरोबर देठ येत होतं. शेजारची बाई म्हणाली, "आवं, देठं चाललीत सगळी." आजीला ते सहन झालं नाही. बसल्या जागी सरसावून ती म्हणाली, "तुज्या जल्माच्या आधीपासनं निवडतीया मी." तेव्हापासून दर बुधवारी कँटीनची मेथी आमच्या वॉर्डात निवडली जायची. हाताचा व्यायाम म्हणून ट्रस्टनं रंगीत रबरी चेंडू घेऊन दिले होते, ते कपाटात तसेच राहिले.

ऑफिसातले साहेब एकदा तक्रार घेऊन आले, पेशंटकडून काम करून घेता म्हणून. बाई नाडी बघत राहिल्या. आजीच म्हणाली, "सायेब, काल जेवलासा न्हवं मेथी? माती लागली का दाताला? मग गप जावा."

बाईंचं माझं वाजायचं ते फायलीवरून. मी इंग्रजीत नीट लिहायची. एकदा मी 'ए.डी.एल. सुधारत आहे' असं लिहिलं.

"म्हंजे काय?"

"ॲक्टिव्हिटीज ऑफ डेली लिव्हिंग. म्हणजे रोजच्या जगण्यातल्या हालचाली, अंघोळ, कपडे, जेवण..."

"जगणंच की. मग जगणं लिव."

त्यांची स्वतःची नोंद अशी असायची: 'आज तीन बटणं लावली. चौथं राहिलं. शिवी दिली, आवाज ठणठणीत.' मला ते गावठी वाटायचं. पण राऊंडला मोठे डॉक्टर माझी पानं भराभर उलटायचे आणि बाईंच्या पानावर थांबायचे. हे माझ्या ध्यानात यायचं आणि मला राग यायचा.

चुकायच्याही त्या. एकदा एका गृहस्थांना त्यांनी आळशी ठरवून उंबऱ्यापाशी उभं केलं आणि ते तिथंच मटकन खाली बसले. अंगात ताप होता, सकाळी बघायचा राहिला होता. दुसरी एखादी असती तर दुसऱ्यावर ढकललं असतं. बाईंनी फायलीत लाल पेनानं लिहिलं, 'चूक माझी,' आणि खाली सही केली. त्या दिवसापासून आधी नाडी, मग ताप, मग बी.पी., आणि मग उंबरा. तो क्रम मरेपर्यंत मोडू नका अशी त्यांनी आम्हाला शपथ घातली.

एवढ्या बडबड्या बाई, पण स्वतःबद्दल एक अक्षर बोलायच्या नाहीत. एकट्या राहायच्या, एवढंच माहीत. संध्याकाळी पिशवी उचलून दिली तर ओढून घ्यायच्या. त्यांच्या खोलीवर कुणी गेलेलं नव्हतं.

मग माझे आप्पा आले.

आप्पांना न्यूमोनिया झाला. अठरा दिवस खालच्या मजल्यावर काढले. छातीतली घरघर गेली, ऑक्सिजन निघाला, पण माणूस आडवाच. डोंगर चढणारा माझा बाप, त्याच्या मांड्या काठीसारख्या झालेल्या. वर आमच्या वॉर्डात आणलं तेव्हा मनात म्हटलं, आता बघा, ही लेक कशी सेवा करते. मी भरवायची, पुसायची, दाढी करायची, कूस बदलायची. हॉस्टेलला सोडायला आलेला हा माणूस माझी पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन तीन जिने चढला होता. त्याला मी आता पेलाही उचलू दिला नसता. विश्रामबागला आमचा फ्लॅट आहे, लिफ्टचा. त्यातली एक खोली मी आणि मिस्टरांनी आप्पांसाठी तयार केली होती. नवी खाट, धरायला दांडे बसवलेला कमोड, भिंतीवर टीव्ही. मी आप्पांना मोबाइलवर फोटो दाखवले. आप्पा बघायचे आणि डोळे मिटायचे. दमले असतील, मला वाटायचं.

बाईंनी तिसऱ्या दिवशी आप्पांना विचारलं, "घरी गेल्यावर पयलं काम काय करणार?"

आप्पांनी तोंड उघडायच्या आत मी म्हटलं, "काही नाही बाई. लय केलं त्यांनी जन्मभर. आता नुसतं बसायचं. मी आहे ना."

"मी तुला इचारलं?"

आप्पा छताकडे बघत राहिले. रोज बाई तोच प्रश्न विचारायच्या, रोज आप्पा गप्प. बोलायचे माझ्याशी, पण त्या प्रश्नाला नाही. उठवायला गेलं की अंग सैल सोडायचे.

एका सकाळी बाईंनी ड्यूटीचा कागद माझ्या हातात दिला. "आजपासनं तू बायकांच्या बाजूला. पुरुषांच्या बाजूला पाय टाकायचा न्हाई."

"बाई, माझे वडील आहेत तिकडे."

"म्हणूनच."

"ते जेवणार नाहीत."

"हात हाय की त्यास्नी. दोन हायती."

मी नको ते बोलले. वॉर्डाच्या मधोमध, सगळ्यांसमोर. "तुम्हाला काय कळणार, बाई? तुमच्या घरात आहे कोण?"

मेथीवाल्या आजीनंसुद्धा मान खाली घातली. बाईंनी ओला फडका घेतला आणि उंबरा पुसायला लागल्या. पुसून झाल्यावर म्हणाल्या, "नऊ नंबरची नाडी बघायची राह्यली." मी गेले. दुपारी माफी मागायला उभी राहिले तर म्हणाल्या, "ते फायलीत लिवायचं न्हाई. जा."

दारातून मी बघत होते. आप्पांचं ताट समोर, बाई त्यांच्याकडे पाठ करून खिडकीत उभ्या. पहिल्या दुपारी ताट तसंच परत गेलं आणि माझ्याही पोटात अन्न गेलं नाही. दुसऱ्या दुपारी आप्पांनी भाकरी हातात घेतली. कुस्करायला बराच वेळ लागला. दुधात कालवली, निम्मी अंगावर सांडली, निम्मी पोटात गेली. बाई वळल्या नाहीत. पण त्यांची मान जरा तिरकी झाली होती, खिडकीच्या काचेत त्यांना सगळं दिसत होतं.

पण प्रश्नाला उत्तर नाही आणि उभं राहणं नाही. दोन आठवडे संपत आले. अशी माणसं आमच्याकडून एक तर चालत जातात किंवा कायमची खाटेला लागतात, हे मला चांगलं माहीत होतं. मी रात्री मिस्टरांना म्हणायची, काय व्हायचं ते होऊ दे, मी सांभाळीन. पण सांभाळणं म्हणजे काय ते मी दहा घरांत बघितलेलं होतं. पाठीला जखमा होतात आणि माणूस भिंतीकडे तोंड करतो.

त्यातच मला आप्पांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं हलताना दिसली. एकमेकांवर घासल्यासारखी, थांबून थांबून. मी घाबरले. पुस्तकात वाचलेलं, कंपवातात बोटं अशी हलतात. पळत जाऊन डॉक्टरांना सांगितलं, तपासणी लिहून घेतली. बाई ऐकत होत्या. "कवा हालत्यात बोटं?"

"गावाकडनं दादानं मेंढरांचा व्हिडिओ पाठवलाय, तो बघताना."

बाईंनी मोबाइल घेतला, आप्पांसमोर धरला. मेंढरं निघाली, बोटं निघाली. बाई माझ्याकडे वळल्या.

"आमच्या रानात दरसाल खतासाठी मेंढरं बसवायचो आमी. मेंढरांमागची गडीमाणसं चालता चालता हेच करायची. तू मेंढक्याची लेक ना गं? लोकर कातत्यात त्ये."

मला भुई फाटून आत जावंसं वाटलं. बाप टकळीवर कातत पुढं आणि मी चार वर्षांची, त्या धाग्याचं टोक धरून मागं, असं माझं लहानपण गेलेलं. आणि मी त्याला रोग म्हटलं.

दादानं एस.टी.च्या ड्रायव्हरजवळ टकळी आणि पोतंभर लोकर पाठवली. टकळी म्हणजे लाकडी चकतीतून घातलेली काडी. ती फिरवून हवेत सोडायची, तिच्या वजनानं धागा वळत खाली जातो. पण लोकरीला कळपाचा वास येत होता. ऑफिसातले साहेब नाक धरून म्हणाले, ही वॉर्डात नको. बाई म्हणाल्या बरं, आणि पोतं घरी घेऊन गेल्या. लोकर तीन पाण्यांनी धुतली, गच्चीवर वाळवली. बिल्डिंगीतल्या लोकांनी भांडण काढलं म्हणे. चौथ्या दिवशी स्वच्छ उशीच्या अभ्र्यात भरलेली पांढरी लोकर त्यांनी आप्पांच्या मांडीवर ठेवली आणि दुसऱ्या खाटेकडे गेल्या.

आप्पांनी लोकर हुंगली. "साबण घातलाय हिला," ते म्हणाले. नाराजीनं. मग टकळी फिरवली. ती लगेच फरशीला टेकून आडवी झाली. पुन्हा फिरवली, पुन्हा आडवी.

"काय झालं?" बाई लांबूनच ओरडल्या.

"खाटंवर बसून कुणी कातत्यात व्हय? टकळी भुईला लागती. बसून बायका कातत्यात, चरख्यावर."

"मग?"

"मग काय! उभं ऱ्हायला पायजे."

"मग ऱ्हावा की! मी धरून ठिवलंय का काय?"

आप्पा चिडले. चिडलेला बाप मी महिन्यात पहिल्यांदा बघत होते, दारातून. बाईंनी नाडी बघितली, बी.पी. बघितलं, आणि दोन हात अंतरावर उभ्या राहिल्या. खाटेच्या दांड्याला धरून आप्पा उठले. पाठ दांड्याला टेकवून त्यांनी हात सोडले आणि टकळी फिरवली. ती गरगरत खाली गेली. फायलीत बाईंची नोंद: 'आज धागा दोन हात.' मग 'आज धागा खिडकीपर्यंत, चालत.' मग 'आज मास्तरांना कातायला शिकवलं. मास्तर ढ आहेत.' सलूनवाले मास्तर तेव्हा पुन्हा पडून आमच्याकडे परत आले होते.

दहा-बारा दिवसांनी बाईंनी मला पुरुषांच्या बाजूला बोलावलं. आप्पा खुर्चीत होते. बाईंनी माझ्यासमोर प्रश्न विचारला, "घरी गेल्यावर पयलं काम?"

आप्पांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि बाईंना म्हणाले, "सांजच्याला मेंढरं वाघरात घेताना तोंडाशी उभा ऱ्हाणार. मोजून घेणार. पोरगं मोबाइल बघत मोजतंय."

वाघर म्हणजे जाळीचं कुंपण, अंधार पडायच्या आत मेंढरं त्यात घेतात.

"आप्पा," मी म्हटलं, "पण विश्रामबागची खोली..."

"लय ग्वाड खोली हाय, बाय. तू लय हौसेनं केलीस. न्हाई कसं म्हणू तुला? म्हणलं, उठलो तर न्हाई म्हणावं लागंल. पडूनच ऱ्हावं."

मी हाताची घडी घालून उभी राहिले, इतर नातेवाइकांसारखी. हात कुठं ठेवावेत तेच कळेना.

बाई कामाचं बोलल्या. "मेंढरं किती?"

"ऐंशीच्या आसपास."

"येळ किती लागतोय?"

"धा-बारा मिन्टं. मधी बसायचं न्हाई. राखणारा तोंडावरनं हालला तर मेंढरू मागं फिरतंय."

"मग धा-बारा मिन्टं उभं राहून दावा. काठी चालंल, भिताड चालणार न्हाई. जमलं तर गावाला. न्हाई जमलं तर लेकीच्या खोलीत, टीव्ही बघत. कबूल?"

"कबूल."

गुरुवारी साडेचार वाजता, भेटायच्या वेळेला, बाईंनी बसायच्या खोलीच्या दारात उंबरा ठेवला. आप्पांना आधी नाडी, ताप, बी.पी. असा मान दिला आणि दारापाशी उभं केलं. धोतर, लाल फेटा, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. फेटा आपला आपण बांधला होता, जरा कलता. आणि व्हरांड्यात बाईंनी कळप उभा केला. वॉकर घेतलेले मास्तर. पलूसची आजी आणि तिच्या तिघी सुना. इतर पेशंट, त्यांचे नातेवाईक, कँटीनच्या दोघी, लिफ्टवाला, आणि कुतूहलानं वर आलेले ऑफिसातले साहेब. त्यांना बाईंनी हाताला धरून रांगेत घातलं. "एकेक सोडणार. दमानं. कुणी ढकलायचं न्हाई." मी खांबाशी उभी होते. मला त्या रांगेत जाववेना. काय मागत होतं माझं मन, ते मला अजून नीट सांगता येत नाही. आप्पा पडावेत असं नव्हतं, पण खोली डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

आप्पांनी जिभेचा एक आवाज काढला, टाळूवर. मेंढरं बोलावायचा. लोक हसले आणि निघाले. एकेक जण उंबरा ओलांडून आत जायचा, आप्पा त्याच्या पाठीवर हात टाकायचे आणि आकडा म्हणायचे. पलूसच्या आजीनं दारापाशी येऊन "ब्यँऽऽ" केलं तेव्हा तिची थोरली सून पोट धरून हसली. आजीला उंबऱ्यापाशी कुणी धरलं नाही. तिनं चौकटीला हात लावला आणि पाय टाकला. मास्तरांना वॉकर पलीकडं घ्यायला वेळ लागला, आप्पा थांबले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. मी पुढं व्हायला गेले, बाईंनी बघितलं, मी थांबले. साहेब आत गेले तेव्हा आप्पांनी त्यांच्याही पाठीवर हात टाकला, जरा जोरातच.

"अठ्ठावीस," आप्पा म्हणाले.

बाईंनी घड्याळ बघितलं. "अठ्ठावीस. बरोबर. अकरा मिन्टं झाली. बसा आता."

आप्पा हलले नाहीत. "दोन कमी हायती."

"आवं, मी सोडल्यात. अठ्ठावीसच होती."

"मेंढक्याला मोजाय शिकवता व्हय बाई? दोन कमी. एक त्ये खांबाआड हाय."

मी गेले. उंबऱ्यावरून पाय टाकताना मला समोरचं दिसत नव्हतं. आप्पांचा हात पाठीवर पडला. जड, गरम. "एकोणतीस," ते म्हणाले आणि हात जरा वेळ तिथंच राहिला. खोलीचं काय ते माझ्यापुरतं तिथं मिटलं.

"आन दुसरं कोण?" आतून मास्तरांनी विचारलं.

आप्पा बाईंकडे बघत होते. बाईंच्या ते ध्यानात यायला वेळ लागला. मग त्या म्हणाल्या, "मी कळपातली न्हवं. मी राखणारी हाय."

"राखणारा हितं मी हाय. या आत."

"मला काम पडलंय."

"बाई, राखणारा तोंड सोडून हालत न्हाई. पाय भरून आलं माझं. बिगी या."

मी आल्यापासूनच्या चार वर्षांत बाईंनी तो उंबरा शेकडो माणसांपुढं ठेवला असेल. स्वतः त्या नेहमी तो उचलून जायच्या, नाहीतर वळसा घालून. सगळे बघत होते, कुणी हसत नव्हतं. बाईंनी फाईल खुर्चीवर ठेवली. साडीच्या निऱ्या चिमटीत धरून वर घेतल्या, मान खाली घातली आणि उंबरा ओलांडला. आप्पांनी पाठीवर हात टाकला. बाईंना पुढं सरकायचं सुचलं नाही. पलूसच्या आजीनं त्यांचा हात धरून त्यांना आमच्यात ओढून घेतलं, आणि बाईंनी तो सोडवून घेतला नाही.

"तीस," आप्पा म्हणाले. "भरलं."

आणि मग त्यांनी खुर्ची मागितली.